कुठलं माहीम?

आमच्या केळव्याच्या बाजूला एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ज्ञातीच्या मेळाव्यात, लग्नाच्या मंडपातल्या गप्पांत, किल्ल्याच्या फोटोखाली, हल्ली रील्समध्येसुद्धा. वाक्य असं : 'केळवे-माहीम म्हणजे प्राचीन महिकावती, बिंब राजाची राजधानी, १४४८ साली लिहिलेल्या महिकावतीच्या बखरीत याचा उल्लेख आहे.'

ऐकायला झकास वाटतं. शनिवार-रविवारी सुरूच्या बनात फिरायला आलेल्या मुंबईकर मित्राला ऐकवायला तर फारच. पण वाक्य नीट उलगडलं, तर त्यात तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले दिसतात. ही बखर कुणी लिहिली? कधी लिहिली? आणि तिच्यातली महिकावती कुठली, आमचं माहीम की मुंबईचं? तिन्ही प्रश्न इतिहासाचे वाटतात, पण त्यांची सुरुवात एका साहित्यकृतीपासून होते. ती कृती काय आहे, कशी बनली, कुणाच्या हातून आपल्यापर्यंत आली, हे कळल्याशिवाय इतिहासाकडे जाताच येत नाही.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या एका कार्यक्रमाची स्मरणिका निघणार होती. तिच्यातल्या 'गावाचा इतिहास' या पानाचं काम माझ्याकडे आलं. संपादन करणारे काका म्हणाले, "अरे, तू कॉम्प्युटरवाला. गूगल करून दहा ओळी दे, बास." मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. साहित्याचा अभ्यास दहावीच्या मराठीच्या पेपरपाशी थांबलेला. गूगल करणं खरोखरच सोपं होतं. दहा ठिकाणी तेच वाक्य सापडलं, जवळजवळ त्याच शब्दांत. चॅटबॉटला विचारलं तर त्यानं तेच जरा सजवून सांगितलं.

दहा ठिकाणी सापडलेलं वाक्य दहापट खरं वाटतं. आमच्या धंद्यात मात्र हे लगेच लक्षात येतं की दहा प्रोग्रॅम एकाच लायब्ररीवर उभे असतील, तर ती दहा मतं नसतात, एकच मत असतं. मूळ ठिकाणी जाऊन बघावं लागतं. आणि मराठीत मूळ ठिकाणी जायची वाट शंभरेक वर्षांपूर्वीपासून काही माणसांनी बांधून ठेवली आहे. या लेखाचा विषय ती वाट आहे. माहीम हे तिच्यावरून चालून बघायचं निमित्त.

कपाटातली जाड पुस्तकं

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना १९६७ च्या कायद्याखाली 'अ' ते 'ड' असे वर्ग मिळतात. वर्ग कुठलाही असो, बहुतेक वाचनालयांत एक कपाट असतं ज्यातली पुस्तकं घरी नेता येत नाहीत. जाड, एकसारख्या बांधणीची, खंड १, खंड २ अशी. आपण त्याच्यासमोरून कादंबऱ्यांकडे निघून जातो. माझं काम त्या कपाटापाशी होतं.

पहिली अडचण मजेशीर होती. बहुतेक कोशांत 'पालघर जिल्हा' सापडतच नाही. सापडणार कसा? पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधीचं सगळं 'ठाणे'खाली. आणि आणखी मागे, १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये गेलात, तर तालुक्याचं नावच माहीम. ज्या पालघरच्या नावानं आज जिल्हा आहे, ते तेव्हा माहीम तालुक्यातलं एक गाव. म्हणजे फोनवर आजचं नाव टाकून शोधलं तर हाती शून्य येतं, आणि आपल्याला वाटतं की माहितीच नाही. माहिती असते, जुन्या नावाखाली असते.

दुसरी अडचण वर्णक्रमाची. 'क्ष' आणि 'ज्ञ' काही कोशांत 'क' आणि 'ज'मध्ये मिळतात, काहींत अगदी शेवटी. हे कुठे सांगितलेलं असतं? प्रस्तावनेत, जी कुणीच वाचत नाही. कोशाची प्रस्तावना म्हणजे त्याची रीडमी फाईल. कुठल्या वर्षापर्यंतची माहिती घेतली, काय वगळलं, नोंदी कशा लावल्या, हे सगळं तिथे असतं. पंधरा मिनिटं खर्च करून ती वाचली की पुढचे दोन तास वाचतात.

बखर म्हणजे काय, इथून सुरुवात

मी आधी माहीम शोधलंच नाही. 'बखर' शोधलं. एखादा शब्द आपल्याला माहीत आहे असं वाटतं, तेव्हा तोच आधी तपासावा.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ ला निघाला, आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ला. आज तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फोनवरही उघडतो. त्यात बखर म्हणजे इतिहास, वृत्तांत असा साधा अर्थ मिळतो. तिथून मराठी विश्वकोशाकडे गेलं की चित्र बदलतं. 'खबर' या शब्दातली अक्षरं उलटून 'बखर' झाला, ही प्रचलित व्युत्पत्ती आणि तिच्याबद्दलचे मतभेद समोर येतात. बखर हा मराठी गद्याचा एक वाङ्मयप्रकार आहे, हे कळतं. शिवाजी महाराजांवरची सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरची, आणि उपलब्ध बखरींपैकी बहुतेक त्यानंतरच्या.

इथे माझ्या वाक्याला पहिला तडा गेला. १४४८ सालची बखर? म्हणजे सभासदाच्याही जवळजवळ अडीचशे वर्षं आधी? एक तर ही फार विलक्षण गोष्ट आहे, नाहीतर '१४४८' आणि 'बखर' हे दोन शब्द एकमेकांना इतके सरळ चिकटत नाहीत.

विश्वकोशाबद्दल एक गोष्ट तरुण वाचकांना सांगायलाच हवी. त्यातल्या नोंदींखाली लेखकाचं नाव असतं आणि संदर्भग्रंथांची यादी असते. ती यादी हाच खरा खजिना, कारण कोशाची नोंद ही शेवटची पायरी नसतेच. पुढच्या पुस्तकाचा पत्ता मिळवण्यासाठी तिथे जायचं असतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९६० नंतर वाईला हे काम उभं राहिलं, पहिला खंड १९७६ ला आला आणि विसावा २०१५ ला. त्याच्या आधी श्रीधर व्यंकटेश केतकरांनी सरकारी मदतीची वाट न बघता लिमिटेड कंपनी काढून, वर्गणीदार गोळा करून 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड काढले होते. दोन्ही आज इंटरनेटवर आहेत. फुकट. आणि आपण रील बघून राजधानी ठरवतो.

ज्या माणसानं पुस्तकांची यादी केली

पुढचा प्रश्न : ही बखर छापील पुस्तक म्हणून केव्हा आली आणि कुणी आणली? इथे कोश मागे राहतात आणि सूची पुढे येतात.

मराठी पुस्तकांची नोंद ठेवायची सुरुवात इंग्रज सरकारनं केली, आणि त्यामागे साहित्यप्रेमापेक्षा देखरेख जास्त होती. १८६४ अखेरपर्यंत मुंबई इलाख्यात छापलेल्या देशी पुस्तकांची यादी अलेक्झांडर ग्रँट यांनी केली. मग १८६७ चा कायदा आला. प्रत्येक छापील पुस्तकाच्या प्रती सरकारला द्यायच्या, आणि सरकारनं त्यांच्या याद्या गॅझेटमध्ये छापायच्या. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी-गुजराती पुस्तकांची यादी ब्लुमहार्ट यांनी १८९२ ला प्रसिद्ध केली. म्हणजे मराठीत काय छापलं गेलं, हे एकत्र बघायचं तर लंडनमध्ये झालेली यादी उघडायची, अशी गत होती.

ती गत शंकर गणेश दाते यांनी पालटली. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची त्यांनी केलेली 'मराठी ग्रंथसूची' १९४३ ला निघाली. महायुद्ध चालू, कागदाची टंचाई, आणि हा माणूस जे विकलं जाणार नाही हे उघड आहे असं जाडजूड पुस्तक काढतो. सुरुवात १८०० पासून का? कारण विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण सेरामपूरला छापलं गेलं १८०५ मध्ये. मराठी छपाईचा जवळपास सगळा प्रवास त्या चौकटीत बसतो. १९३८ ते १९५० चा दुसरा भाग १९६१ ला आला. दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांच्यासोबत त्यांनी हाती घेतलेली मराठी नियतकालिकांची सूची त्यांच्या मृत्यूनंतर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयानं प्रसिद्ध केली.

सूची वाचायची नसते, वापरायची असते, म्हणून सूचीकाराला कुणी लेखक म्हणत नाही. त्याला पुरस्कार नाहीत, त्याच्या ओळी कुणी स्टेटसला ठेवत नाही. पण विचार करा. एखाद्या पुस्तकाबद्दल १९४३ ला कुणीही प्रश्न विचारला नव्हता, विचारणाराही जन्मला नव्हता, तेव्हा दात्यांनी त्याचं नाव, कर्ता, वर्ष लिहून ठेवलं. उत्तर आधी तयार होतं, प्रश्न पुष्कळ नंतर आला.

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचं. त्याचा संदर्भ विभाग नायगावला आहे. हे सांगताना दादरचं नायगाव असं सांगावं लागतं, नाहीतर आमच्याकडचा माणूस वसईनंतरच्या नायगाव स्टेशनवर उतरेल. २०१३ पासून डहाणू लोकल केळवे रोडला थांबते, त्यामुळे सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. एका माहीमचा घोळ सोडवायला जाताना वाटेत दोन नायगावं लागतात, याची गंमत मला दादरला उतरल्यावर कळली.

'कधी'चे तुकडे

आता मूळ पुस्तक. 'महिकावतीची बखर' इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी संपादित करून १९२४ ला, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या दोन वर्षं आधी प्रसिद्ध केली. पुस्तकाला त्यांची दीर्घ प्रस्तावना आहे. तिच्यातून कळतं की बखरीत सहा प्रकरणं आहेत आणि ती एका माणसानं एका बैठकीत लिहिलेली नाहीत. राजवाड्यांच्या मते सर्वांत जुना भाग केशवाचार्याचा, शके १३७० चा. शकात ७८ मिळवले की १४४८. बाकीचा मजकूर नंतरच्या काळात, दुसऱ्या हातांनी जोडला गेला.

म्हणजे '१४४८' हे साल खोटं नव्हतं. ते एका भागाचं होतं आणि सगळ्या पुस्तकाला लावलं गेलं होतं. 'बखर कधीची?' या प्रश्नाचे निदान चार तुकडे पडतात. जुना भाग कधी लिहिला? बाकीचे भाग कधी जोडले गेले? हाती आलेली प्रत कधीची? आणि छापली कधी? आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच फाईलवर वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी कमिट केलेलं आहे, आणि आपण पहिल्या कमिटची तारीख सगळ्या ओळींना लावतोय.

हा नुसता कीस नाही. राजवाड्यांनी या बखरीतल्या 'महाराष्ट्रधर्म' या शब्दाकडे लक्ष वेधलं. हा शब्द म्हटला की आपल्याला समर्थ रामदास आठवतात. रामदासांचा जन्म १६०८ चा. त्यांच्या कितीतरी आधी उत्तर कोकणात कुणीतरी हा शब्द वापरत होतं, असं म्हणायचं तर ती ओळ बखरीच्या कुठल्या प्रकरणात आहे आणि ते प्रकरण कधीचं, हे ठरवावंच लागतं. एका शब्दाचा इतिहास त्या 'कधी'वर टांगलेला आहे.

पुस्तकाचं वय हा उत्तराचा भाग

उरला शेवटचा प्रश्न. कुठलं माहीम?

१८८२ चं गॅझेटियर उघडलं तर आमच्या माहीमबद्दल भरपूर मजकूर मिळतो. पण राजवाड्यांची छापील बखर त्याच्यासमोर असणं शक्य नव्हतं. ती यायला अजून ४२ वर्षं होती. गर्सन द कुन्हा यांनी १९०० साली मुंबईच्या उगमावर पुस्तक लिहिलं. त्यांनी 'बिंबाख्यान' वापरलं, पण त्यांची नजर मुंबई बेटावर. साहजिकच बिंबाचं माहीम म्हणजे मुंबईचं माहीम. उत्तर कोकणाच्या किनाऱ्यावरून बघणाऱ्या अभ्यासकांना तेच माहीम केळव्याशेजारी दिसतं. बखरीतली हकीकत एका गावापुरती नाही, ती या सगळ्या किनाऱ्याची आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंना धरायला काही ना काही सापडतं. वाद आजही मिटलेला नाही.

संदर्भग्रंथ किती साली निघाला, हे उत्तराइतकंच महत्त्वाचं असतं, हे मला इथे पटलं. आणखी एक उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. 'मराठीतला पहिला शिलालेख कुठला?' प्रश्नमंजुषेत ठोकून उत्तर येतं, श्रवणबेळगोळ. पण शं. गो. तुळपुळे यांचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हे १९६३ चं पुस्तक काढा. त्यात अलिबागजवळच्या अक्षीचा लेख आहे, शके ९३४ चा, म्हणजे १०१२ चा. श्रवणबेळगोळच्या लेखाचा काळ पुढच्या संशोधनात बाराव्या शतकात सरकला. जुन्या पुस्तकानं खोटं सांगितलं नव्हतं, त्याच्या काळात जे कळलं होतं ते सांगितलं होतं. चूक होते ती तारीख पुसून फक्त उत्तर पुढे पाठवल्यावर. आणि फॉरवर्ड करताना सगळ्यात आधी पुसली जाते ती तारीखच.

चॅटबॉटबद्दल माझी तक्रार एवढीच आहे. त्यानं मला उत्तर दिलं, पण 'कुठलं माहीम?' असा उलट प्रश्न केला नाही. कपाटातल्या पुस्तकांनी तो केला. गंमत म्हणजे ती तर बोलतसुद्धा नाहीत.

राजधानीचं पान

स्मरणिकेत शेवटी मी असं लिहून दिलं : महिकावतीची बखर वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली संपादित करून प्रसिद्ध केली. तिचा सर्वांत जुना भाग केशवाचार्यानं शके १३७० मध्ये लिहिला, असं त्यांचं मत आहे. बखरीतली महिकावती म्हणजे केळवे-माहीम असं काही अभ्यासक मानतात, तर काही मुंबईचं माहीम मानतात.

काका वाचून म्हणाले, "हे कोर्टाच्या निकालासारखं झालंय रे. लोकांना राजधानी पाहिजे."

"राजधानी काढली नाहीये काका. कोण म्हणतं, तेवढं लिहिलंय."

त्यांनी दोन दिवस विचार केला. मग पान तसंच छापलं, फक्त वर किल्ल्याचा मोठा फोटो टाकला.

काकांना पान पटकन का पटलं नाही, हे मला समजत होतं. आमच्याकडे ही बखर म्हणजे नुसतं जुनं पुस्तक नाही. बिंबाबरोबर कोणती कुळं आली, कुणाचं आडनाव कुठून, कोण कुणापेक्षा जुनं, यासाठी ती उघडली जाते. ज्ञातीच्या इतिहासात तिचे दाखले येतात आणि मानपानाच्या वादात तिची शपथ घातली जाते. पण कुळं 'आली' असं म्हणायचं, तर येण्याआधी इथे कुणीतरी राहत होतंच. किनाऱ्यावर मासेमारी करणारे, डोंगराच्या बाजूला राहणारे वारली. त्यांच्या नावानं बखर नाही, म्हणून त्यांचं गाव कमी जुनं होत नाही. '१४४८ पासून हे आमचं' असं छापलं की पानाबाहेर कोण राहतं, हे बघायला हवं. साल नीट लिहिणं हा त्यांच्याशीही सरळ वागण्याचा भाग आहे.

या सगळ्यात एक गोष्ट राहून राहून जाणवली. आमच्या गावांतून दरवर्षी किती स्मरणिका, ज्ञातीची छोटी पुस्तकं, देवळांचे इतिहास छापले जातात. पानवेलीच्या वाड्यांबद्दल, शितलादेवीच्या जत्रेबद्दल, जुन्या नाटकमंडळींबद्दल त्यांत जे असतं ते दुसरीकडे कुठेच नसतं. आणि यांतलं बरंचसं कुठल्याच सूचीत नाही. कित्येकांवर साल नाही, काहींवर छापखान्याचं नावसुद्धा नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. गावातली समिती स्वतःला प्रकाशक समजत नाही, म्हणून पाठवत नाही.

तेव्हा तुमच्या गावात असं काही छापलं जाणार असेल, तर दोन गोष्टी कराच. पहिल्या पानावर साल, गाव, तालुका, जिल्हा लिहा. जिल्हे बदलतात, हे आम्हाला चांगलंच ठाऊक आहे. आणि एक प्रत जवळच्या वाचनालयाच्या त्या कुलूपबंद कपाटात पोचवा, एक मोठ्या ग्रंथालयाकडे. आणखी पन्नास वर्षांनी कुणीतरी विचारेल, केळव्याची जत्रा कशी भरायची? तो माणूस अजून जन्मला नसेल. दाते त्याच्यासारख्याच कुणासाठी तरी यादी करत बसले होते.